कृत्रिम चीक : त्याचे कण करण्याच्या रीती व त्यांचें तारतम्य

बोर्डो मिश्रण फवारल्यावर तें पावसानें धुऊन जाऊं नये म्हणून त्यांत कांहीं तरी चिकट द्रव्य घालावें लागतें, ही गोष्ट सुपारी-द्राक्षांच्या बागाईतदारांस नवी नाहीं. म्हैसूर संस्थानांत डॉ. कोलमन यांनीं १९१० च्या सुमारास सुपारीच्या कोळेरोगावर या मिश्रणाचा प्रघात पाडला, आणि पुढें त्यांत राळ व धुण्याचा सोडा यांचा साबण शिजवून घालण्याची चाल पडली. आज बाजारांत जीं चिकट द्रव्यें मिळतात त्यांपैकीं पुष्कळ नुसतीं साबणवजा असतात. परंतु कांहींचा डबा उघडला असतां आंत घट्ट दुधासारखा पांढरा द्रव दिसतो. संकरित बियाण्यावरील तांबडा किंवा निळा लेप, भिंतीस लावावयाचा पाण्याचा रंग, सुताराचा पांढरा डिंक, यांचें मूळ बहुधा अशाच एका पांढऱ्या द्रवांत असतें. त्यास लॅटेक्स असें म्हणतात. आपल्याकडे यास चीक हा जुना शब्द आहे, व हा कारखान्यांत केलेला असल्यामुळें आम्ही या लेखांत त्यास कृत्रिम चीक म्हणूं.

दोन कारखान्यांचे दोन डबे दिसावयास सारखे असतात, पुष्कळदां त्यांवरील रासायनिक नांवही सारखेंच असतें. परंतु एकांतील चीक विहिरीच्या जड पाण्यांत पडतांच फाटतो आणि त्याच्या गुठळ्या पंपाच्या तोटींत अडकतात. दुसऱ्यास कांहीं होत नाहीं. एकाचा पापुद्रा पहिल्या दोन सरींनीं सुटतो, दुसऱ्याचा महिनाभर टिकतो. याचें कारण मूळ द्रव्यापेक्षां तें द्रव्य ज्या रीतीनें कणरूपास आणलें त्या रीतींत पुष्कळ अंशीं असतें. रीत कोणती हें डब्यावर लिहिलेलें नसतें; म्हणून पैसे मोजणारानें ती थोडी तरी समजून घेणें जरूर आहे.

झाडाचा चीक

रुई, शेर, वड, फणस यांस टोचा मारला असतां जो पांढरा रस गळतो तो पाण्यांत विरघळलेला पदार्थ नव्हे. पाण्यांत तरंगणारे असंख्य बारीक गोळे त्यांत असतात व त्यांवर प्रकाश विखुरला गेल्यामुळें रस पांढरा दिसतो. दुधाचा पांढरेपणाही याच जातीचा. (व्यालेल्या गाईच्या पहिल्या दुधासही आपण चीक म्हणतों, तेव्हां आपल्या वाडवडिलांच्या नजरेस हें साम्य आलें असावें.) दुधांतील लोण्याचे गोळे सरासरीनें तीन-चार मायक्रॉन व्यासाचे असतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केंस सुमारें ७० मायक्रॉन जाड भरतो. रबराच्या झाडाच्या चिकांत शेंकडा ३० ते ४० भाग रबर असून त्याचे कण मायक्रॉनच्या दहाव्या हिश्शापासून तीन मायक्रॉनपर्यंत निरनिराळ्या आकाराचे असतात. प्रत्येक कणाभोंवतीं प्रथिनें व स्निग्ध द्रव्यें यांचें पातळ आवरण असतें आणि त्या आवरणावर ऋण विद्युत्‌भार असतो. सारख्या भाराचे कण एकमेकांस दूर लोटतात, म्हणून ते एकत्र येऊन गोळा होत नाहींत. चिकांत फॉर्मिक आम्ल घातलें कीं हा भार नाहींसा होतो व विरजण लागल्याप्रमाणें चीक थिजतो. सावंतवाडी, दोडामार्ग या बाजूस ज्यांनीं रबराची लागवड केली आहे त्यांस ही क्रिया परिचयाची आहे. पालघर जिल्ह्यांत दापचरी येथें रबर बोर्डाचें संशोधन केंद्रही आहे.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. झाड आधीं रबर तयार करून मग तें पाण्यांत घुसळीत बसत नाहीं. रबराच्या कणाच्या आवरणांतच एक वितंचक बसलेलें असतें. तें बाहेरच्या रसांतून एकेक लहान रासायनिक दुवा घेऊन साखळीस जोडतें, आणि साखळी वाढत वाढत कणाच्या पोटांत जाते. म्हणजे कण हेंच कोठार आणि कण हाच कारखाना. तयार रबर किंवा तयार प्लास्टिक पाण्यांत घुसळून इतका बारीक व इतका टिकाऊ चीक करणें फार कष्टाचें व खर्चाचें आहे. मनुष्याच्या हातून हें काम साधलें तें, साखळी कणाच्या आंतच वाढवावयाची ही युक्ति सांपडली तेव्हां.

दुवा व साखळी

रबर, प्लास्टिक, कृत्रिम धागे हे सर्व लांबच लांब साखळ्यांचे पदार्थ होत, असें प्रतिपादन जर्मनींतील हेर्मान श्टाउडिंगर यांनीं १९२० सालीं केलें. पुष्कळ वर्षें त्यांची थट्टा झाली व १९५३ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. साखळीचा एक दुवा म्हणजे एकवारिक. हजारों दुवे जोडून झालेली साखळी म्हणजे बहुवारिक. आणि जोडण्याच्या क्रियेस बहुवारिकीकरण म्हणतात. स्टायरीन, ब्यूटाडाईन, व्हिनिल अॅसिटेट, अॅक्रिलेटें हीं एकवारिकें होत. त्यांत प्रारंभक नांवाचें द्रव्य थोडें घालून तापविलें असतां तें फुटतें व त्याचे अर्धवट, अतृप्त तुकडे होतात. त्यांस मूलक म्हणतात. एक मूलक एका दुव्यास धरतो, तो दुसऱ्यास, तो तिसऱ्यास, आणि हां हां म्हणतां साखळी हजारों दुव्यांची होते. दोन मूलक समोरासमोर आले म्हणजे मात्र एकमेकांस संपवितात व साखळी तेथें थांबते.

या शेवटच्या वाक्यांत सर्व अडचण आहे. काम लवकर उरकावें म्हणून प्रारंभक वाढवावा, तर मूलक जास्त होतात, ते एकमेकांस लवकर भेटतात आणि साखळ्या आंखूड राहतात. साखळ्या लांब हव्या असतील तर काम मंद चालतें. शिवाय ही क्रिया उष्णता सोडणारी आहे. मोठ्या भांड्यांत नुसतें एकवारिक घेऊन ती केली तर आंतील रस घट्ट होऊन उष्णता बाहेर निघत नाहीं व भांडें हाताबाहेर जातें. पुढें सांगितलेल्या सर्व रीती या दोन अडचणींवरचे निरनिराळे तोडगे आहेत.

साबणाच्या पाण्याची, म्हणजे पायसाची रीत

जर्मनींत १९२९ सालीं ब्यूटाडाईन व स्टायरीन यांचें रबर या रीतीनें झालें. परंतु तिचा खरा पसारा दुसऱ्या महायुद्धांत वाढला. १९४२ च्या आरंभीं जपाननें मलाया व डच ईस्ट इंडीज घेतल्यामुळें अमेरिकेचें झाडाचें रबर बहुतेक बंद झालें. तेव्हां तेथील सर्व कारखान्यांनीं मिळून एकच कृति ठरविली. पाणी १८० भाग, ब्यूटाडाईन ७५, स्टायरीन २५, साबण ५, साखळीची लांबी आवरण्यासाठीं मर्कॅप्टन ०.५ आणि प्रारंभक म्हणून पोटॅशियम परसल्फेट ०.३ भाग. हें मिश्रण बंद भांड्यांत ५० अंश सेंटिग्रेडवर ढवळीत ठेवावयाचें, आणि सुमारें बारा तासांनीं एकवारिकाचा शेंकडा ७२ भाग जोडला गेला म्हणजे क्रिया थांबवावयाची. १९४५ सालीं या एका कृतीनें सुमारें सात लाख टन रबर निघालें. साबण म्हणजे खरोखरीचा साबण, कपडे धुण्याच्या साबणाचाच भाऊबंद.

आंत काय घडतें याचा उलगडा अमेरिकेंतील हार्किन्स यांनीं १९४७ सालीं केला व पुढील वर्षीं स्मिथ आणि युअर्ट यांनीं त्याचें गणित बसविलें. ढवळल्यामुळें एकवारिकाचे थेंब होतात, ते एक ते दहा मायक्रॉनचे. साबण जास्त असला म्हणजे त्याचे रेणू पाण्यांत आपोआप पुंजके करून राहतात. त्यांस मिसेल म्हणतात. हे पुंजके मायक्रॉनच्या शंभराव्या हिश्शाहूनही लहान असतात. एका घनसेंटिमीटरांत थेंब सुमारें एकावर दहा शून्यें इतके, तर पुंजके एकावर अठरा शून्यें इतके. परसल्फेट पाण्यांत विरघळणारें आहे, म्हणून मूलक पाण्यांत जन्मतो. आणि संख्येचें हें अंतर पाहतां तो थेंबाऐवजीं पुंजक्यांत शिरणार हें उघड आहे. शिरला कीं तेथें साखळी सुरू होते व कण जन्मास येतो. मोठे थेंब मग नुसतीं कोठारें होऊन राहतात. त्यांतील एकवारिक पाण्यांतून पाझरत वाढत्या कणांकडे जातें व थेंब शेवटीं नाहींसे होतात.

या रीतीचें मर्म असें कीं प्रत्येक कण ही एक स्वतंत्र खोली आहे. एका खोलींत बहुधा एकच मूलक असतो. दुसरा आला कीं दोघे संपतात आणि खोली तिसऱ्याची वाट पाहते. निरनिराळ्या खोल्यांतील मूलक एकमेकांस भेटूं शकत नाहींत. त्यामुळें काम जलद होऊनही साखळ्या लांब राहतात, जें दुसऱ्या साध्या रीतीनें जमत नाहीं. उष्णता पाणी शोषून घेतें. आणि शेंकडा ५० भाग घन पदार्थ असूनही द्रव पातळ राहतो. साबण दुप्पट केला तर कणांची संख्या सुमारें दीडपट होते व त्या मानानें कण लहान होतात, हाही हिशेब वरील गणितांतून निघतो. कण साधारणपणें मायक्रॉनच्या विसाव्या हिश्शापासून अर्ध्या मायक्रॉनपर्यंत. सर्व रीतींत हीच स्वस्त, आणि चिकट द्रव्यें, रंग व लेप यांस लागणारा बहुतेक चीक हिचाच असतो.

साबणाचें देणें

पण साबणानें जें दिलें त्याचा मोबदला तो पुढें वसूल करितो. साधा साबण कणास नुसता वरून चिकटलेला असतो. लेप वाळला म्हणजे तो पापुद्र्याच्या पृष्ठभागाकडे सरकतो किंवा कणांच्या फटींत साठतो. पाऊस पडला कीं तो विरघळतो, पापुद्रा पांढुरका पडतो व सुटूं लागतो. ज्या चिकांत साबण सढळ हातानें घातला आहे तो डब्यांत फार दिवस छान दिसतो व शेतांत लवकर दगा देतो, हें विक्रेते सांगणार नाहींत.

दुसरा दोष आपल्याकडच्या पाण्याचा. दख्खनच्या काळ्या खडकांतील पुष्कळ विहिरींच्या पाण्यांत चुना व मॅग्नेशियम यांचे क्षार असतात. ऋणभाराच्या बळावर तरंगणाऱ्या कणांस हे क्षार मारक होत. गढूळ पाण्यांत तुरटी फिरविली असतां गाळ खालीं बसतो तो याच नियमानें. शुल्झ यांनीं १८८२ सालीं व पुढें हार्डी यांनीं १९०० सालीं हा नियम मांडला कीं, विरुद्ध भाराचा जो क्षारकण असेल त्याचा भार वाढला म्हणजे त्याची गोठविण्याची शक्ति झपाट्यानें वाढते. साध्या मिठांतील सोडियमपेक्षां चुन्यांतील कॅल्शियम सुमारें साठपट प्रभावी, आणि तुरटींतील अॅल्युमिनियम त्याहूनही कितीतरी अधिक. बोर्डो मिश्रणांत तर मोरचूद आणि चुना हे दोन्ही दुहेरी भाराचे शत्रु एकत्र नांदत असतात. म्हणून ऋणभारित साबणावर उभा असलेला चीक बोर्डो मिश्रणांत टाकणें म्हणजे दुधांत लिंबू पिळणें होय.

यावर कारखानदारांनीं तीन उपाय काढले आहेत. एक, भाराच्या साबणाऐवजीं भाररहित, लांब शेपटीचें द्रव्य वापरणें. त्या शेपट्या कणाभोंवतीं झालरीसारख्या पसरून दुसऱ्या कणास जवळ येऊं देत नाहींत, आणि क्षारांचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाहीं. दुसरा, एकवारिकांत थोडें अॅक्रिलिक आम्ल मिसळणें, म्हणजे भार वरून न चिकटतां साखळीच्याच अंगांत उगवतो व पावसानें धुऊन जात नाहीं. तिसरा उपाय साबण अजीबात वगळण्याचा. या रीतींत परसल्फेटचे भारित तुकडे साखळीच्या टोंकांस कायमचे जडलेले असतात, तेवढ्याच भारावर कण तरतात. असा चीक अति स्वच्छ व कण जवळजवळ एकाच मापाचे, पण मोठे, सुमारें अर्ध्या मायक्रॉनचे. आणि घन भाग शेंकडा दहाच्या आसपासच ठेवावा लागतो, नाहीं तर गुठळ्या होतात. इतकें पाणी वाहून नेऊन शेतकऱ्यास विकणें कोणास परवडणार? म्हणून ही रीत बहुतेक प्रयोगशाळांतच राहिली. आमच्या मतें फवारणीच्या कामास पहिल्या दोन उपायांची जोड असलेला चीकच योग्य होय, मग तो चार पैसे महाग कां असेना.

मोठ्या थेंबांची, म्हणजे निलंबनाची रीत

आतां प्रारंभक पाण्यांत न विरघळतां एकवारिकांत विरघळणारा घेतला, आणि साबणाऐवजीं थेंब नुसते वेगळे राखण्यापुरतें पॉलिव्हिनिल अल्कोहोलसारखें द्रव्य घातलें, तर पुंजक्यांचा प्रश्नच उरत नाहीं. प्रत्येक थेंब हीच एक लहानशी कढई होऊन तो जागच्या जागीं घट्ट होतो. कणाचें माप मग ढवळण्याच्या वेगावर ठरतें, तें वीस मायक्रॉनपासून दोन मिलिमीटरपर्यंत. थेंबांत मूलक अनेक असल्यामुळें जलद काम व लांब साखळी हा दुहेरी लाभ येथें नाहीं. पण पाणी उष्णता नेतें, माल धुऊन वाळविणें सोपें जातें व त्यांत साबण उरत नाहीं. हा चीक नव्हे, रेती होय. ती तळाशीं बसते. तथापि आपल्या शेतांत हिचा माल चिकाहून कितीतरी जास्त आहे, कारण पाण्याच्या पी. व्ही. सी. नळ्यांची भुकटी बहुतांशीं याच रीतीनें होते. तिचा दाणा सुमारें शंभर-दीडशें मायक्रॉनचा व सच्छिद्र असतो. तोच पदार्थ पायसाच्या रीतीनें केला तर बारीक पीठ मिळतें, तें ताडपत्रीवर किंवा कृत्रिम कातड्यावर लेप देण्याच्या उपयोगाचें. एकच द्रव्य, पण नळीस रेती लागते आणि लेपास पीठ.

जमिनींत ओल धरून ठेवण्यासाठीं जे फुगणारे दाणे विकतात त्यांपैकीं अॅक्रिलिक जातीचे पुष्कळदां याच्या उलट्या रीतीनें करतात, म्हणजे पाण्यांतील एकवारिकाचे थेंब तेलांत ढवळून. शुद्ध पाण्यांत ते आपल्या वजनाच्या शेंकडों पट पाणी घेतात, परंतु चुनखडीच्या पाण्यांत फारच कमी. विकणारा प्रयोग करून दाखवील तेव्हां पाणी आपल्या विहिरीचें घ्यावयास लावावें.

एकसारख्या कणांच्या रीती

पायसाच्या रीतीनें एक मायक्रॉनच्या वर, आणि निलंबनाच्या रीतीनें वीस मायक्रॉनच्या खालीं, चांगला माल निघत नाहीं. मधल्या मापाचे व अगदीं एकसारखे कण हवे असतील तर तिसरी वाट धरावी लागते. एकवारिक, प्रारंभक व एक संरक्षक द्रव्य हीं सर्व अल्कोहोलांत विरघळवून स्वच्छ, पारदर्शक रस करावयाचा. तापविल्यावर साखळ्या वाढतात व ठराविक लांबीच्या पुढें त्या अल्कोहोलांत विरघळेनाशा होऊन सर्व एकाच वेळीं गोळ्या धरतात. जन्म एकाच घटकेस झाल्यामुळें वाढही सारखी होते, जशी एकाच वाफ्यांत एकाच दिवशीं पेरलेल्या रोपांची. ही विक्षेपणाची रीत होय. कण एक ते दहा मायक्रॉनचे. अल्कोहोलाचा खर्च व आगीचें भय यामुळें शेतीच्या मालास ती परवडत नाहीं.

दुसरी युक्ति बीं पेरण्याची, म्हणजे आधींचे लहान कण घेऊन त्यांस नवें एकवारिक पाजून फुगविण्याची. १९४७ सालीं अमेरिकेंत तयार झालेल्या पॉलिस्टायरीनच्या एका चिकांत कण इतके एकसारखे निघाले कीं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचें माप तपासण्यास त्यांचा गज म्हणून उपयोग होऊं लागला. मोठे कण करतांना मात्र अर्धवट फुगलेले कण वर येतात, पुरे झालेले तळाशीं बसतात, आणि जोरानें ढवळावें तर गोठतात. ही गुरुत्वाकर्षणाची अडचण टाळण्यासाठीं प्रा. व्हॅंडरहॉफ यांनीं मार्च १९८२ मध्यें आपलें भांडें कोलंबिया या अंतराळयानांतून पाठविलें. आणि अशा प्रयत्नांतून निघालेले सुमारें दहा मायक्रॉनचे गोळे १९८५ पासून अमेरिकेच्या मापन संस्थेनें विकावयास काढले. अंतराळांत केलेला पहिला विक्रीचा माल तो हाच. इकडे नॉर्वेंत प्रा. उगेलस्टाड यांनीं कणांस आधीं एक तेलकट द्रव्य पाजून त्यांची भूक वाढविण्याची दोन टप्प्यांची तोड काढली होती. त्यांस आकाशांत जावें लागलें नाहीं. असे कण रोग ओळखण्याच्या कामीं येतात. कणांवर विशिष्ट प्रतिद्रव्य चढवून त्यांत नमुन्याचा थेंब टाकावा. रोगाचें बीज असल्यास चीक डोळ्यांदेखत फुटतो. मनुष्याच्या संधिवातासाठीं ही कसोटी १९५६ सालीं निघाली व पुढें बटाट्याच्या बियाण्यांतील विषाणु ओळखण्यासही ती लागू पडली. म्हणजे फवारणींत जो दोष, तोच येथें गुण ठरला.

औषधाचें कवच

थेंब फार बारीक करून, मायक्रॉनच्या पावहिश्शापर्यंत आणून, त्यांतच साखळी वाढवावयाची अशीही एक रीत १९७३ पासून पुढें आली आहे. दाबाच्या यंत्रानें किंवा ध्वनिलहरींनीं थेंब फोडतात व त्यांतील द्रव्य पाझरून जाऊं नये म्हणून पाण्यांत न विरघळणारें तेल थोडें घालतात. जो थेंब तोच कण, त्यामुळें थेंबांत आधींच घातलेला रंग वा औषध कणांत बंद होऊन राहतें. पायसाच्या साध्या रीतींत हें होत नाहीं, कारण तेथें एकवारिकास पाण्यांतून प्रवास करावा लागतो आणि औषध मागें थेंबांत राहतें. ही रीत खर्चाची आहे. शेतकी औषधांचे कारखाने बहुतेक एका वेगळ्या, स्वस्त तोडीनें काम भागवितात. औषधाच्या थेंबांत एक द्रव्य व पाण्यांत दुसरें, दोघांची गांठ थेंबाच्या सीमेवर पडून तेथेंच कवच जमतें. आपल्याकडे पेंडिमेथॅलिन ३८.७ टक्के व लॅम्ब्डा-सायहॅलोथ्रिन ४.९ टक्के हीं ‘सी. एस.’ अक्षरांचीं औषधें अशीं कवचबंद असतात. औषध हळूहळू बाहेर पडतें, हाताळणारास त्याची बाधा कमी होते.

येथेंही कणाचें माप ही केवळ कारखान्यांतली बाब नव्हे. अमेरिकेंत १९७४ सालीं मिथिल पॅराथिऑन कवचबंद करून विकावयास आलें. मनुष्यास तें पहिल्यापेक्षां निर्धोक होतें. परंतु कवचें परागकणांच्याच मापाचीं, म्हणजे तीस मायक्रॉनच्या आसपासचीं असल्यामुळें मधमाशा तीं परागाबरोबर पोळ्यांत नेऊं लागल्या व सांठविलेल्या परागांतून विष पुढें बरेच दिवस पोळीं मारीत राहिलें. फळबागाईतदारांनीं ही हकीकत विसरूं नये. फुलोऱ्यांत कवचबंद कीटकनाशक फवारणें आम्हांस केव्हांही पसंत नाहीं.

खरेदीच्या वेळीं

डब्यावर रीत लिहिलेली नसली तरी कसोटी सोपी आहे. ज्या पाण्यांत औषध मिसळावयाचें तेंच पाणी एक लिटर पांढऱ्या काचेच्या बाटलींत घ्यावें. पंपांत ज्या प्रमाणांत व ज्या क्रमानें औषधें घालावयाचीं त्याच प्रमाणांत व क्रमानें घालून चीक शेवटीं टाकावा, बाटली उलटीसुलटी करावी व अर्धा तास ठेवावी. नंतर मलमलीच्या फडक्यांतून गाळावें. फडक्यावर रबरासारखे तंतू किंवा दाणे राहिले तर तो चीक त्या पाण्यास किंवा त्या औषधास चालावयाचा नाहीं. बोर्डो मिश्रणासाठीं ही परीक्षा प्रत्येक नव्या डब्यास करावी, मागच्या डब्यावर विसंबूं नये.

दुसरी परीक्षा पापुद्र्याची. कांचेच्या तुकड्यावर पातळ थर देऊन सावलींत वाळवावा. जो थर पारदर्शक व लवचिक होतो त्यांतील कण एकजीव झाले. जो पांढरी भुकटी होऊन पडतो त्यांतील कण कठीण जातीचे असून नेहमींच्या उन्हांत वितळावयाचे नाहींत. नुसत्या स्टायरीनचा चीक असाच, त्याचें बहुवारिक सुमारें शंभर अंशांखालीं मऊ होत नाहीं. ब्यूटाडाईन किंवा ब्यूटिल अॅक्रिलेट यांचा जोड दिल्यानेंच तो पापुद्रा धरतो. वाळलेला तुकडा मग रात्रभर पाण्यांत ठेवावा. पांढराफेक होऊन सुटला तर साबण जास्त आहे असें समजावें. बियाण्याच्या लेपासाठीं याहून निराळी दृष्टि पाहिजे. तेथें पापुद्रा अति अभेद्य असणें हाच दोष, कारण बियास पाणी व हवा दोन्हीं लागतात. लेपाचें व बिनलेपाचें शंभर शंभर बीं ओल्या गोणपाटांत गुंडाळून उगवण मोजल्यावांचून कोणताही नवा लेप घरच्या बियाण्यास चढवूं नये.

राहतां राहिला जमिनीचा प्रश्न. झाडाचें रबर जमिनींतील कांहीं जीवाणु हळूहळू कां होईना खातात. स्टायरीन, अॅक्रिलेट यांच्या कृत्रिम साखळ्या त्यांस जवळजवळ अपाच्य आहेत. रीत कोणतीही असो, कण मागें राहतो. जपानांत भातखाचरांत घातलेल्या प्लास्टिकवेष्टित खतांचीं रिकामीं कवचें पाटाच्या पाण्याबरोबर समुद्रकिनाऱ्यावर जाऊन सांठलेलीं आढळतात. युरोपीय संघानें सप्टेंबर १९२३ नव्हे, तर आपल्या डोळ्यांदेखत, सप्टेंबर २०२३ मध्यें, मालांत हेतुपूर्वक घातलेल्या अशा सूक्ष्म प्लास्टिककणांवर निर्बंध घातला. खतांस १७ ऑक्टोबर २०२८ पर्यंत, आणि पीकसंरक्षक औषधें व त्यांनीं संस्कारित बियाणें यांस १७ ऑक्टोबर २०३१ पर्यंत मुदत दिली आहे. जमिनींत विघटन पावणारीं बहुवारिकें त्यांतून वगळलीं आहेत, आणि भिंतीच्या रंगाप्रमाणें ज्यांचे कण वापरांत एकजीव होऊन कणरूप सोडतात त्यांसही सवलत आहे. हा निर्बंध त्या देशांत विकल्या जाणाऱ्या द्रव्यांवर आहे, येथून तिकडे जाणाऱ्या द्राक्षांवर नाहीं. परंतु तीं द्रव्यें करणारे मोठे कारखाने दोन्हीकडे माल विकतात. तेव्हां येत्या कांहीं वर्षांत आपल्या दुकानांतील डब्यांतही फरक पडूं लागेल, आणि नवा डबा आला म्हणजे बाटलीची व कांचेची परीक्षा पुन्हां पहिल्यापासून करावी लागेल.